एक हात खिशात

गेल्या पावसाळ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा घरी आला. सॅकमधून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून टेबलावर ठेवली. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला. ‘‘सर, यातून दोन हजार व्होल्ट निघतात. थोडे वेढे काढले की हजारावर येईल. मला ट्यूबचा ॲम्प्लिफायर बांधायचाय, तेवीस सेंटिमीटरचा.’’

मुलगा हुशार. हॅम रेडिओचा परवाना काढलेला. त्याच्या डोळ्यांतली चमक मला ओळखीची होती. पस्तीस वर्षांपूर्वी तीच माझ्या डोळ्यांत होती. तरी पहिला विचार आला तो ‘नको’ म्हणण्याचा. मग वाटले, मी नको म्हटले तरी तो ट्रान्सफॉर्मर त्याच्या सॅकमध्ये परत जाणार आहे. घरी बोर्डाला जोडून पाहण्यापासून त्याला कोण अडवणार? मोबाइलवर ‘कसे करावे’ सांगणारे डझनभर व्हिडीओ आहेत. ‘कसे मरू नये’ हे त्यात क्वचितच असते.

म्हणून आजचा विषय हा. वाचकांपैकी फार थोडे जण कधी सूक्ष्मलहरींचा ॲम्प्लिफायर बांधतील, याची मला कल्पना आहे. पण जे लोक तो बांधतात, त्यांनी विजेबरोबर वागण्याची एक शिस्त गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत घडवली आहे. ती शिस्त आज आपल्या गच्चीवर, गॅरेजमध्ये आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत हवी आहे आणि तिथे ती दिसत नाही, असे माझे मत आहे.

चंद्रावर टप्पा

आधी हा खटाटोप कशासाठी, ते पाहू. हौशी रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर, पैशाच्या लोभाशिवाय केलेला संदेशव्यवहार. त्यातल्या काही पट्ट्या सूक्ष्मलहरींच्या आहेत. १२९६ मेगाहर्ट्झच्या आसपासची पट्टी त्यांतली लोकप्रिय. तिथे लहरीची लांबी तेवीस सेंटिमीटर, म्हणून तिचे बोलीतले नाव ‘तेवीस सेंटिमीटर’.

या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आला की थांबतात. मग लांबच्या माणसाशी बोलायचे कसे? हौशी मंडळींनी शोधलेले एक उत्तर म्हणजे चंद्र. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागाने १० जानेवारी १९४६ रोजी न्यू जर्सीतून चंद्राकडे रडारची लहर सोडून तिचा प्रतिध्वनी ऐकला होता. पुढे जुलै १९६० मध्ये हौशी लोकांच्या दोन गटांनी, एक कॅलिफोर्नियात आणि दुसरा मॅसॅच्युसेट्समध्ये, १२९६ मेगाहर्ट्झवर चंद्राच्या आधाराने एकमेकांशी संपर्क साधला. हौशी रेडिओतला तो चंद्रमार्गे झालेला पहिला दुहेरी संवाद.

चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. लहर जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. चंद्र हा काही आरसा नाही. धुळीने भरलेला गोळा आहे. पडलेल्या ऊर्जेचा लहानसा भागच तो परत फेकतो, तोही सगळ्या दिशांना. अँटेनाचा लाभ बाजूला ठेवला, तर १२९६ मेगाहर्ट्झवर या फेरीत होणारी घट सुमारे २७१ डेसिबल भरते. म्हणजे सोडलेल्या शक्तीला एकावर सत्तावीस शून्ये एवढ्या संख्येने भागावे, इतके क्षीण होऊन ते उत्तर परत येते. मोठी डिश, अतिशय शांत रिसीव्हर आणि भरपूर शक्ती या तिन्हींशिवाय ते ऐकू येत नाही. आता संगणकाच्या मदतीने थोड्या शक्तीतही काम भागते. पण आपल्या कानांनी मोर्सची टिकटिक चंद्रावरून परत आलेली ऐकायची असेल, तर शेकड्यातले वॅट लागतात. ॲम्प्लिफायर हवा तो यासाठी.

इलेक्ट्रॉनची घाई

ट्यूब म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, वाटेतली ग्रिड त्यांना कमी-जास्त अडवते आणि ते ॲनोडवर जाऊन आदळतात. ग्रिडवर छोटासा संकेत दिला की ॲनोडवर मोठा मिळतो. तत्त्व एवढेच.

पण तो जुना व्हॉल्व्ह १२९६ मेगाहर्ट्झवर चालत नाही, कारण इलेक्ट्रॉनला वेळ पुरत नाही. या वारंवारतेला एक आवर्तन नॅनोसेकंदाच्या पाऊण हिश्शात संपते. कॅथोडवरून निघालेला इलेक्ट्रॉन ग्रिडपर्यंत पोहोचेस्तोवर ग्रिडने आपला हुकूम फिरवलेला असतो. शिवाय व्हॉल्व्हच्या बुडातून निघणाऱ्या तारांच्या पायाच इतक्या लांब ठरतात की त्या स्वतःच अडथळा बनतात.

यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रडारच्या गरजेपोटी तोडगा निघाला. कॅथोड, ग्रिड आणि ॲनोड यांचे सपाट पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ खेटून ठेवायचे, मिलिमीटरच्या बारीक अंशाइतक्या अंतरावर. आणि तारांऐवजी धातूच्या चकत्याच थेट बाहेर काढायच्या. दिसायला दीपगृहासारखी, म्हणून अशा ट्यूबला ‘लाइटहाउस ट्यूब’ हे नाव पडले. तिच्याच घराण्यातली ‘२सी३९’ ही हौशी मंडळींची लाडकी. जेमतेम सात सेंटिमीटर उंचीची ही ट्यूब, पंख्याची हवा चांगली असेल तर ॲनोडवर शंभर वॅट उष्णता सोसते. एके काळी विमानांतल्या आणि सूक्ष्मलहरी दुव्यांच्या यंत्रांतून ती काम करायची. त्या यंत्रांचे भंगार झाले आणि ट्यूब हौशी लोकांच्या हाती आली.

अशा ट्यूबभोवती नेहमीचे सर्किट नसते. तिच्याभोवती पितळेची किंवा तांब्याची पोकळी असते, डब्यासारखी, आणि तिची मापेच सर्किटचे काम करतात. बासरीची लांबी जसा सूर ठरवते, तसे हे. मिलिमीटरभर चुकले तर सूर बिघडतो. १३०० मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या दोन मायक्रॉनहूनही कमी जाडीच्या थरातून वाहतो, त्यामुळे आतला भाग घासून गुळगुळीत करावा लागतो. काही जण चांदीचा मुलामा देतात. लेथवर काम करणारा चांगला टर्नर मिळाला की अर्धी लढाई जिंकली. या कामात भौतिकशास्त्र पुस्तकातून उठून हातात येते, आणि म्हणूनच मला ते इतके प्रिय आहे.

चार वैरी

मात्र हाताशी येणाऱ्या याच यंत्रात चार वैरी बसलेले असतात.

पहिला वैरी म्हणजे उच्च दाब. ट्यूबला हजाराच्या आसपास व्होल्ट लागतात, मोठ्या ट्यूबला दोन-तीन हजार. आपल्या घरातला शॉक २३० व्होल्टचा. शरीरातून एक मिलिॲम्पिअर गेला तर मुंग्या येतात; दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही; छातीतून शंभर मिलिॲम्पिअर गेले तर हृदयाची लय तुटून ते नुसते थरथरत राहू शकते. कोरडी त्वचा घरच्या दाबाला काहीसा विरोध तरी करते. हजार-दोन हजार व्होल्टला त्वचेचे कवच टिकत नाही, आणि आतल्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहमच. भागाकार वाचकांनीच करून पाहावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो जीव घेतो. ‘‘आमच्याकडे ईएलसीबी आहे, शॉक बसला तर वीज आपोआप बंद होईल.’’ घरच्या मुख्य लाइनच्या शॉकपुरते ते खरे. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला, सेकंडरीला, ते लागू नाही. ईएलसीबी फक्त एवढेच पाहते की, फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला का. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे माणूस चिकटला, तर तो प्रवाह सेकंडरीतच फेरी मारतो. अलीकडे हिशेब बरोबर जुळतो आणि ईएलसीबी शांत राहते. एमसीबीही उडत नाही, कारण तिच्या लेखी तो माणूस म्हणजे एखादी इस्त्री किंवा गिझर. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तर सेकंडरीचे एक टोक त्याच्या लोखंडी अंगालाच जोडलेले असते. म्हणजे दुसऱ्या टोकाला चुकून बोट लागले की ओली फरशीसुद्धा फेरी पूर्ण करते. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचा एक प्रकार याच ट्रान्सफॉर्मरने केला जातो. अमेरिकेत त्यात अनेकांचे प्राण गेले. तिथल्या लाकूड-कातकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्याच्यावर बंदी घातली आहे.

दुसरा वैरी कपॅसिटर. प्लग काढला की यंत्र मेले, ही आपली घरगुती समजूत. कपॅसिटर मात्र भरलेल्या बादलीसारखा, नळ बंद केला तरी भरलेलाच. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हजार व्होल्टला भरला, तर त्यात ५० ज्यूल साठतात आणि ते निमिषार्धात बाहेर पडू शकतात. तो रिकामा व्हावा म्हणून त्याला समांतर एक रोधक जोडतात, ‘ब्लीडर’. एक लाख ओहमचा ब्लीडर असेल तर पन्नासेक सेकंदांत कपॅसिटर जवळपास रिकामा होतो.

होतो, पण ब्लीडर शाबूत असेल तरच. बत्तीस वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी एकटाच काम करत होतो. स्विच बंद केला, प्लग काढला, चहा पिऊन आलो आणि हात आत घातला. ब्लीडर आतून तुटला होता. बाहेरून अगदी नवा दिसत होता. मी खुर्चीसकट मागे फेकला गेलो. उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे डाग राहिले आणि आठवडाभर खांदा उचलत नव्हता. डावा हात तेव्हा कशालाही टेकलेला नव्हता, म्हणून प्रवाह छातीतून आरपार गेला नाही. त्यात माझे कसब काहीच नव्हते. नुसते नशीब. आणि मी मूर्खासारखा ही गोष्ट वर्षभर कुणालाच सांगितली नाही.

तिसरा वैरी दिसत नाही: खुद्द सूक्ष्मलहरी. इथे दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. या लहरींनी कर्करोग होतो म्हणून टॉवर पाहताच घाबरणारे लोक एका टोकाला, आणि ‘काही होत नाही’ म्हणत चालू फीडमध्ये डोकावणारे हौशी दुसऱ्या टोकाला. सूक्ष्मलहरींच्या एका कणात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांशी त्यांची तुलना चूक आहे. त्या तापवतात, आणि तापवण्याचेही दुष्परिणाम असतात. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नाहीत. तिथली उष्णता वाहून न्यायला काही नसते, म्हणून डोळे सर्वांत आधी जपायचे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा १२९६ मेगाहर्ट्झला सर्वसामान्य माणसासाठी दर चौरस मीटरला सुमारे साडेसहा वॅट आहे. तीन मीटर व्यासाच्या डिशमध्ये शंभर वॅट सोडले, तर तिच्या तोंडासमोर सरासरीच चौदा वॅट भरतात, मध्यभागी त्याहून जास्त. म्हणजे मर्यादेच्या दुपटीपेक्षा अधिक. डिश गच्चीवर आणि नेम चंद्र उगवताना क्षितिजाजवळ, तर समोरच्या इमारतीतले कोण खिडकीत उभे आहे हे पाहणे आपले काम. तोंड उघडे राहिलेल्या पोकळीसमोर किंवा सुटलेल्या कनेक्टरजवळ तर याहून वाईट.

चौथा वैरी धुळीतला. काही जुन्या उच्चशक्ती ट्यूब आणि ट्रान्झिस्टरांमधले पांढरे सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचे असते. अखंड असेल तोवर निरुपद्रवी. फुटले, कानसले किंवा घासले आणि त्याची धूळ श्वासात गेली, तर काही माणसांना फुप्फुसाचा चिवट आजार होतो, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. कुठले सिरॅमिक कुठले, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. म्हणून नियम एकच: जुन्या ट्यूबचे सिरॅमिक फोडायचे नाही, घासायचे नाही, फुटलीच तर झाडूने उडवायची नाही, ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवायची.

भीतीचे नियम

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग कशाला हवे हे? प्रश्न रास्त आहे. मी त्या मुलाला तोच विचारला.

हौशी रेडिओच्या जगात या भीतीचे नियम केले गेले आहेत, आणि ते अगदी साधे आहेत. चालू यंत्राजवळ काम करताना एक हात खिशात. दोन्ही हात आत घातले तर प्रवाहाची वाट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जाते, आणि हृदय त्या वाटेवर असते. बोटातली अंगठी, हातातले कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. यंत्राच्या झाकणाला खटका असा हवा की झाकण उघडले की उच्च दाब आपोआप तुटेल. प्लग काढल्यावर थांबायचे, मग मीटरने मोजायचे, आणि त्यानंतर लांब लाकडी किंवा फायबरच्या दांड्याच्या टोकाला अर्थ केलेला हूक लावून तो कपॅसिटरला टेकवायचा. हात घालण्याआधी तो हूक तिथेच अडकवून ठेवायचा. मीटरवर शून्य दिसले तरी. माझ्या त्या रविवारी हा दांडा घरात होता, भिंतीला टेकवलेला.

शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. उच्च दाबाचे काम एकट्याने करायचे नाही. सोबतच्या माणसाला इलेक्ट्रॉनिक्स आले नाही तरी चालेल. मेन स्विच कुठे आहे, चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायचे नाही, आधी वीज तोडायची, एवढे त्याला माहीत हवे. आणि माणूस निपचित पडला, श्वास नाही, तर १०८ किंवा ११२ ला फोन लावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची: छातीच्या मध्यभागी, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, मदत येईपर्यंत. हृदय थरथरत असते तेव्हा पहिली काही मिनिटे हाच खरा उपचार. आणखी एक गोष्ट, जी मी तेव्हा केली नाही: उच्च दाबाचा शॉक बसून माणूस उठून बसला, ‘‘मला काही झाले नाही’’ म्हणाला, तरी त्याला डॉक्टरांकडे नेऊन ईसीजी काढायचा. विजेचे भाजणे कातडीवर थोडे आणि आत जास्त असते.

यातले एकही कलम खर्चिक नाही. दांडा घरी बनतो. खटका बाजारात सहज मिळतो. अवघड आहे ती सवय. ती वाचून लागत नाही; कुणीतरी शेजारी उभे राहून दर वेळी टोकले की लागते. परवान्याच्या परीक्षेत सुरक्षेचे प्रश्न कागदावर सोडवता येतात, पण हात कसा चालतो हे कागदावर दिसत नाही.

ट्रान्झिस्टरच्या काळात

आता एक प्रामाणिक कबुली. आजच्या घडीला तेवीस सेंटिमीटरसाठी ट्यूबची सक्ती नाही. एलडीएमओएस जातीचे ट्रान्झिस्टर २८ ते ५० व्होल्टवर शेकड्यांनी वॅट देतात. पहिलाच ॲम्प्लिफायर बांधणाऱ्याला मी तेच सुचवतो. पन्नास व्होल्टने माणूस सहसा मरत नाही. चूक झाली तर महागडा ट्रान्झिस्टर मरतो. बाहेर पडणारी शक्ती मात्र तीच, म्हणून डोळ्यांची आणि डिशसमोरच्या जागेची काळजीही तीच. ट्यूबच्या बाजूने बोलायचे तर ती चुका सोसते, आणि जुन्या यंत्रांतून अजूनही स्वस्तात मिळते. सूक्ष्मलहरींच्या जगातून ती गेलेलीही नाही: स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन ही निर्वात नळीच आहे, १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रॅण्डल आणि बूट यांनी रडारसाठी सिद्ध केलेल्या रचनेची वंशज. कितीतरी उपग्रहांतही अशाच नळ्यांनी संकेत वाढवले जातात.

तरीही मुद्दा ट्यूबच्या पुनरुज्जीवनाचा नाही. उच्च दाब आपल्या आयुष्यातून गेला, असा जो समज झाला आहे, तो चुकीचा आहे. जुना टीव्ही गेला. पण तो दाब दुसऱ्या दाराने परत आला, आणि या खेपेला डीसी होऊन. गच्चीवरच्या सौर पॅनेलांच्या माळेत शेकडो व्होल्ट असतात आणि ऊन आहे तोवर त्यांना ‘बंद’ करता येत नाही. इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांच्या पोटात २३० व्होल्टचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात आणि कपॅसिटरमध्ये साठतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीत काहीशे व्होल्ट असतात. गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात, सौर पॅनेल बसवणाऱ्यांच्या टोळीत, गॅरेजमध्ये काम करणारी मुले विशी-बाविशीतली आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या हातात तो हुकाचा दांडा पाहिलात? मी तरी पाहिलेला नाही. ‘‘प्लग काढलाय ना, मग झालं’’ हेच त्यांचे सुरक्षाशास्त्र. बत्तीस वर्षांपूर्वी माझेही तेच होते.

आपल्याकडे यावरचा उपाय दोनच पद्धतींनी केला जातो. एक तर पाटी लावायची: ‘धोका, हात लावू नये’. नाहीतर प्रयोगच काढून टाकायचा. अनेक कॉलेजांत उच्च दाबाचा प्रयोग आता पडद्यावर दाखवला जातो; मुले नोंदवहीत आकडे उतरवतात आणि सही मिळते. यातून कुणाला शॉक बसत नाही, हे खरे. तो पुढे नोकरीवर बसतो, जिथे शेजारी शिक्षक नसतो.

माझी मागणी मोठी नाही. आयटीआय, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक भरलेला कपॅसिटर सुरक्षितपणे रिकामा करून दाखवण्याचा प्रयोग असावा, आणि तो प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने, शिक्षकांसमोर करावा. त्याला गुण असावेत. छातीवर दाब देण्याचे शिक्षण त्याच तासाला, पुतळ्यावर, घामाघूम होईस्तोवर द्यावे. आणि हौशी रेडिओच्या क्लबांनी, ज्यांच्याकडे ही शिस्त परंपरेने आहे, ती मुलांसाठी खुली करावी. आपल्यातले बरेच जुने हॅम ‘‘ही पोरे नुसती मोबाइलवर’’ म्हणून कुरकुरतात. पोरे भंगारातून ट्रान्सफॉर्मर उचलून दारात येतात, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवणारे मात्र आपणच.

त्या मुलाचे काय झाले

त्या दिवशी मी त्याला चहा दिला आणि ट्रान्सफॉर्मर माझ्या कपाटात ठेवून घेतला. म्हटले, ‘‘हा तुझाच आहे. पण आधी मला एक दांडा बनवून आण.’’ तो जरा हिरमुसला. पुढच्या रविवारी दांडा घेऊन आला. फायबरची नळी, टोकाला पितळी हूक, जाड लवचीक तार, अर्थला घट्ट चावणारी क्लिप. हूक मी परत करायला लावला, कारण डाग नीट बसला नव्हता.

त्यानंतर खटका आणि जाळीचे झाकण झाले. दोन ब्लीडर समांतर जोडले, एक तुटला तरी दुसरा असावा म्हणून. त्याच्या आईला एकदा बोलावून मेन स्विच दाखवला आणि छातीवर दाब कसा द्यायचा ते शिकवले. माउली सुरुवातीला घाबरली, मग म्हणाली, ‘‘हे तर प्रत्येक घरात माहीत असायला हवं.’’ परवान्यात या पट्टीसाठी किती शक्तीची मुभा आहे, ते त्याने स्वतः काढून भिंतीवर चिकटवले आहे. पोकळीचे पितळ लेथवर आहे. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर शेवटी वापरलाच नाही. दोन्ही टोके अंगापासून वेगळी असलेला, हव्या तेवढ्याच दाबाचा दुसरा गुंडाळून घेतला.

ॲम्प्लिफायर अजून पूर्ण व्हायचा आहे. चंद्रावरून त्याची टिकटिक परत यायला एखादे वर्ष लागेल. मला घाई नाही. गेल्या रविवारी तो तात्पुरत्या जोडलेल्या पुरवठ्यावर दाब मोजत होता. मी दारातून पाहिले. उजव्या हातात मीटरची पिन, आई बाहेर खुर्चीवर, आणि डावा हात पँटच्या खिशात. मी काही सांगितले नव्हते.